घरच्या लाल मिरच्या वर्षभर कशा टिकवाव्यात?

गच्चीतली_बाग

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात राहतो आणि गच्चीवर कुंड्यांमध्ये दरवर्षी मिरची लावतो. यंदा जूनमध्ये टाकलेली रोपे आता डिसेंबरात लाल मिरच्यांनी भरली आहेत. ज्वाला आणि ब्याडगी या दोन्ही जाती बऱ्यापैकी आहेत, लवंगीची थोडी झाडे आहेत आणि आसामहून आलेल्या बियांपासून वाढवलेले भूत जोलोकियाचे एक झाड आहे. हिरवी मिरची रोजच्या फोडणीत आणि ठेच्यात संपते, त्यामुळे तिची चिंता नाही. पिकलेली मिरची मात्र एकदम उतरत नाही, आठवड्याला ओंजळ-दोन ओंजळी अशी येते, आणि एवढ्या थोड्या मिरचीसाठी तिखट कुटणाऱ्या डंखावर जाण्याइतका माल जमेपर्यंत आधीची मिरची मऊ पडू लागते.

माझे असे मत झाले आहे की प्रत्येक जातीची मिरची टिकवण्याची रीत वेगळी असायला हवी. आपल्याकडे सरसकट वाळवून तिखट करण्याची सवय आहे आणि त्यात जातीजातींतला स्वादाचा फरक हरवतो. म्हणून विचारतो: आपण घरी कोणती मिरची कशी टिकवता? वाळवण, ताकातली मिरची, लोणचे, खारवण, व्हिनेगर, फ्रीजर, यांपैकी जे आपण स्वतः करता ते प्रमाणासह लिहावे. पुढच्या वर्षीसाठी याच झाडांचे बी धरता येईल का, हेही सांगावे, कारण चारही जाती शेजारी शेजारी लावलेल्या आहेत.

उन्हाळी_वाळवण

वाळवणापासून सुरुवात करते, कारण ब्याडगीला दुसरा मार्ग शोधण्याची गरजच नाही. तिची साल पातळ, गर कमी आणि रंग भरपूर असल्यामुळे ती वाळण्यासाठीच जन्माला आली आहे.

मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावी आणि किंचित सुरकुतल्यावर देठासकट तोडावी. देठ काढला की त्या जागेतून दमटपणा आणि बुरशी दोन्ही आत शिरतात, म्हणून देठ कुटायच्या दिवसापर्यंत ठेवावा. तोडलेल्या मिरच्या एक-दोन दिवस सावलीत सुती कापडावर एकत्र ठेवल्या तर अर्धवट रंगलेल्या मिरच्याही लाल होतात. नंतर उन्हात घालाव्यात, पण गच्चीच्या तापलेल्या फरशीवर नव्हे. बाजेवर किंवा उंच ठेवलेल्या सुपात, म्हणजे खालूनही वारा लागतो. संध्याकाळी दव पडण्याआधी आत घ्याव्यात. थंडीच्या दिवसांत हेच सर्वांत जास्त सांभाळावे लागते, कारण दिवसभर वाळलेली मिरची रात्रीच्या दवाने पुन्हा चिवट होते आणि तिच्यावर पांढुरके डाग येतात.

मिरची वाळली की नाही हे हाताला आणि कानाला कळते. कानाशी धरून हलवली की बी खुळखुळले पाहिजे आणि देठ वाकवल्यावर कट्कन मोडला पाहिजे. साल नुसती कडक झाली म्हणून डबा भरू नये, कारण देठाजवळच्या जाड भागात ओल सर्वांत शेवटपर्यंत राहते. साधारण तीन-चार किलो ओल्या लाल मिरचीची एक किलो वाळकी होते, त्या हिशेबाने बरणी काढावी.

थोडी थोडी मिरची येते ही अडचण वाटायला नको. प्रत्येक तोड वेगळी वाळवून पूर्ण वाळल्यावर एकाच डब्यात घालत जावे. ओली आणि वाळकी मात्र एकत्र करू नये. एप्रिल-मेपर्यंत पुरेसा साठा होतो आणि मग कुटण्याआधी सगळ्याला एक कडक ऊन द्यावे.

रानपाखरू

उन्हाळी_वाळवण यांच्याशी सहमत. डब्यात हिंगाचे खडे ठेवायला विसरू नका, म्हणजे वर्षभर कीड लागत नाही.

सूक्ष्मदर्शक

हिंगाच्या वासाने किडे दूर राहतात असा पुष्कळांचा अनुभव आहे आणि त्यात तोटा काही नाही, पण बुरशीवर त्या खड्याचा भरवसा ठेवू नये. बुरशी थांबते ती फक्त कोरडेपणाने. अर्धवट वाळलेल्या मिरचीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढली तर ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते आणि हे विष यकृताला घातक असते. तळण्याने किंवा शिजवण्याने ते पुरते नाहीसे होत नाही. त्यामुळे मिरची मोडून आत काळपट किंवा राखाडी तंतू दिसले, तर पुसून किंवा पुन्हा उन्हात घालून ती वापरात आणू नये, सरळ टाकून द्यावी. घरची आहे म्हणून जीव तुटतो हे खरे, तरीही टाकावी.

दुसरे असे की, उजेड आणि हवा हे रंगाचे शत्रू आहेत. मिरचीचा लाल रंग कॅप्सॅन्थिन आणि त्याच्या जवळच्या रंगद्रव्यांमुळे येतो. ती प्रकाशात आणि प्राणवायूच्या संपर्कात फिकी पडतात. काचेच्या पारदर्शक बरणीत ओट्यावर ठेवलेले तिखट सहा महिन्यांत विटकरी दिसू लागते ते याच कारणाने. अख्खी वाळकी मिरची जास्त टिकते, म्हणून वर्षाचे तिखट एकदम न करता दोन-तीन वेळा करावे.

वैनगंगाकाठ

आमच्या विदर्भात लाल मिरचीचे कौतुक आहेच. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तरीही धागाकर्त्यांनी विचारलेल्या 'वेगळ्या रीती'साठी मी हिरव्या मिरचीची सांडगी मिरची सुचवते, कारण वरच्या वाळवणात ज्वालाचा निकाल नीट लागत नाही. ज्वाला थोडी कोवळी असताना, हिरवीगार पण बी भरलेली, अशी तोडावी.

मिरच्या धुऊन पुसून कोरड्या कराव्यात आणि देठ व टोक शाबूत ठेवून मधोमध उभी चीर द्यावी. धणे, मेथी, थोडे जिरे आणि मोहरी हलके भाजून जाडसर कुटावे, त्यात हळद, हिंग आणि मीठ घालावे. मेथीचे प्रमाण धण्यांच्या चौथाईच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर कडवटपणा पुढे येतो. हा मसाला आंबट दह्यात किंवा घट्ट ताकात कालवून मिरच्यांत भरावा. भरलेल्या मिरच्या रात्रभर त्याच ताकात राहू द्याव्यात, सकाळी उन्हात घालाव्यात, संध्याकाळी उरलेल्या ताकात पुन्हा बुडवाव्यात, आणि ताक संपेपर्यंत हा क्रम चालवावा. शेवटी कडकडीत वाळवून डब्यात भराव्यात. खाताना मंद आचेवर तेलात तळायच्या. तांबूस झाल्या की लगेच काढायच्या, कारण त्या क्षणात करपतात. गरम खिचडी, वर तूप आणि ही मिरची असली की दुसरे तोंडीलावणे लागत नाही. दहीभातात चुरून घातली तरी तिचा आंबटपणा भाताशी छान जमतो.

गच्चीतली_बाग

वैनगंगाकाठताई, मनापासून आभार. ज्वालाची पुढची तोड हिरवीच घेतो. आणखी एक शंका आहे. लाल लवंगी आणि लसूण एकत्र ठेचून, वर बुडेल इतके तेल घालून ओट्यावर ठेवण्याची पद्धत आमच्या ओळखीच्या एका घरी आहे. चव अप्रतिम असते. ते कितपत टिकते?

सूक्ष्मदर्शक

कृपया असे करू नका. या धाग्यावर मला एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती हीच आहे. तेलाने हवा बंद होते आणि नेमकी त्याच अवस्थेत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकतो. तो मातीत असतो, लसणीबरोबर सहज घरात येतो आणि त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्याचे विष वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. ताजी मिरची आणि लसूण दोन्ही कमी आंबट असल्यामुळे तेलाखाली ती सुरक्षित राहत नाहीत. फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावे किंवा लहान वाट्यांत फ्रीजरमध्ये गोठवावे.

कृष्णाकाठ

मला हे पटत नाही. आमच्याकडे मिरचीचे लोणचे पिढ्यान्‌पिढ्या तेलात मुरते आणि ते वर्षभर खाल्ले जाते. तेल धोक्याचे असते तर कोणाच्याच घरी लोणच्याची बरणी दिसली नसती.

सूक्ष्मदर्शक

कृष्णाकाठकाका, आपले लोणचे सुरक्षित असते याबद्दल माझे दुमत नाही. ते कशामुळे सुरक्षित असते एवढाच फरक आहे. आपण मिरचीच्या लोणच्यात लिंबाचा रस पिळता, मीठ सढळ हाताने घालता, मोहरीची डाळ घालता आणि मिरच्या आधी पुसून कोरड्या करता. आम्लता पुरेशी असली, म्हणजे सामू ४.६ च्या खाली असला, की हा जिवाणू वाढत नाही, आणि भरपूर मीठही त्याला अडवते. आपल्या बरणीत ही दोन्ही कामे लिंबू आणि मीठ करतात. वरचे तेल मुख्यतः बुरशीला हवा मिळू देत नाही. लिंबू आणि मीठ वगळून नुसते तेल ठेवले तर पहारेकरी गेला आणि दार तेवढे लावलेले राहिले.

कृष्णाकाठ

असे सांगितल्यावर पटले. मग प्रमाण लिहितो, म्हणजे कोणी अंदाजाने मीठ कमी करणार नाही. पाव किलो कोरड्या हिरव्या मिरच्यांचे तुकडे असतील, तर आमच्याकडे तीन-चार रसरशीत लिंबांचा रस, पाऊण वाटी मोहरीची डाळ, पाव वाटीहून थोडे जास्त मीठ, चमचाभर हळद आणि हिंग, मेथीची पूड पाव चमचा एवढे लागते. मीठ आणि लिंबू आधी लावून मिरची एक दिवस ठेवतो. फोडणी पूर्ण गार करून मगच ओततो, कारण गरम तेलाने मोहरीच्या डाळीचा झणका निघून जातो. प्रकृतीसाठी मीठ कमी करायचे असेल तर तेवढे लोणचे फ्रीजमध्ये ठेवावे, बाहेर ठेवू नये.

दूरदेशी

मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो. इथे ऊन कमी आणि हंगाम आखूड, त्यामुळे वाळवणाऐवजी मी खारवण्याकडे वळलो आणि लाल मिरचीसाठी मला ती रीत आता सर्वांत आवडते. पिकलेल्या मिरच्या जाडसर चिरून काचेच्या बरणीत घालायच्या, सोबत दोन-चार लसूण पाकळ्या, आणि वरून मिठाचे पाणी. एक लीटर पाण्याला ३५ ते ४० ग्रॅम मीठ मी घेतो. मिरची पाण्याखाली बुडालेली राहिली पाहिजे. त्यासाठी वर लहान काचेची वाटी किंवा स्वच्छ दगड ठेवतो. झाकण सैल ठेवायचे, कारण आत वायू तयार होतो. दोन-तीन दिवसांत बुडबुडे येतात, पाणी गढूळ होते आणि आंबूस वास सुटतो. हे काम लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू करतात, तेच कुटुंब जे आपले दही लावते. दोन-तीन आठवड्यांनी गाळून, थोडे व्हिनेगर घालून वाटले की पातळ मिरचीचा रस्सा तयार होतो, तो फ्रीजमध्ये कित्येक महिने राहतो.

पृष्ठभागावर पांढरी, सपाट, पातळ साय आली तर ती बहुधा यीस्टची असते, ती काढून टाकता येते. केसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी वाढ दिसली तर संपूर्ण बरणी टाकावी.

आणखी एक. मिरचीचे झाड वर्षायू आहे असे पुष्कळ जण समजतात. गोठवणारी थंडी पडत नसेल तर ते अनेक वर्षे जगते. मी शरद ऋतूत कुंडी घरात घेतो, फांद्या वीतभर ठेवून छाटतो, पाणी अगदी बेताचे देतो आणि वसंतात पुन्हा बाहेर काढतो. दुसऱ्या वर्षीचे झाड बियांपासून केलेल्या झाडाच्या कितीतरी आधी फुलावर येते. साताऱ्यात तर आत घेण्याचीही गरज नाही. फेब्रुवारीअखेर छाटून खत दिले की पुरे.

मांडवीतीर

दूरदेशी यांनी व्हिनेगरचा उल्लेख केला म्हणून गोव्याची रीत सांगते. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्यावर आली. त्याआधी तिखटपणासाठी मिरे आणि पिंपळीच होती. आज काणकोणातील खोला मिरची आणि पेडण्याकडची हरमल मिरची या दोघींनाही भौगोलिक मानांकन आहे, पहिलीला २०१९ मध्ये आणि दुसरीला २०२१ मध्ये मिळाले. खोला मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते आणि तिचा रंग फार सुरेख येतो.

आमच्याकडे रेशाद मसाला हाच मिरची टिकवण्याचा एक प्रकार आहे. वाळक्या लाल मिरच्यांचे देठ काढून त्या माडाच्या व्हिनेगरमध्ये भिजत घालायच्या. लसूण, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, हळद, थोडी चिंच आणि चिमूटभर साखर घालून त्याच व्हिनेगरमध्ये गंधासारखे वाटायचे. वाटताना पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही, कारण टिकाऊपणा त्यावरच अवलंबून आहे. कोरड्या चमच्याने काढत राहिले तर फ्रीजमध्ये हा मसाला कित्येक महिने उत्तम राहतो आणि मुरल्यावर जास्त चांगला लागतो. बांगड्याला चिरा देऊन भरावा. मासे न खाणाऱ्यांनी वांग्याच्या किंवा सुरणाच्या कापांना लावून रव्यात घोळून तळावा. धागाकर्त्यांची ब्याडगी यासाठी फार योग्य आहे, तिच्यात दोन-तीन लवंगी घातल्या की तिखटपणाही जुळतो.

रानपाखरू

माझ्या बाल्कनीत पोपट येतात आणि लाल लवंगी मिरच्या आनंदाने खातात. त्यांना तिखट लागत नाही का?

सूक्ष्मदर्शक

लागत नाही. मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक आपल्या तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, चेतवतो, म्हणून जळल्याचा भास होतो. या ग्राहीचा शोध कॅप्सेसिनच्याच साहाय्याने लावल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पक्ष्यांच्या ग्राहीवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. सस्तन प्राणी बी चावून नष्ट करतात, पक्षी ते अखंड गिळून दूरवर नेऊन टाकतात, त्यामुळे ही व्यवस्था मिरचीच्या फायद्याची आहे. आपल्या परिसरात कुठे आपोआप लवंगीचे झाड उगवलेले दिसले तर ते बहुधा पाखरांनीच लावलेले असते.

तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही तोही याच घटकामुळे, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दूध, दही किंवा ताक घ्यावे.

परसदारी

बियाण्याच्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही म्हणून लिहिते. आमच्या गावात पक्की समजूत आहे की ढोबळीच्या शेजारी लवंगी लावली तर ढोबळी तिखट होते. म्हणून चारही जाती जवळ लावू नयेत असे माझे मत आहे.

मातीमाय

मी शेतीशाळेत शिकवतो, म्हणून याचे थोडे सविस्तर उत्तर देतो. परसदारीताई, यंदाच्या फळाचा तिखटपणा शेजारच्या झाडावर ठरत नाही. मिरचीची साल, गर आणि बियांना धरून ठेवणारा आतला पांढरा भाग हे सगळे आई-झाडाचेच असते, आणि कॅप्सेसिन त्या पांढऱ्या भागातच तयार होते. परागकण कुठूनही आले तरी त्याचा परिणाम फक्त फळातल्या बीमध्ये जातो. त्या बीपासून पुढच्या वर्षी जे झाड होईल ते मात्र संकरित असू शकते आणि तेव्हा ढोबळीसारख्या दिसणाऱ्या मिरचीने तोंड भाजू शकते. गावाचे निरीक्षण त्या दुसऱ्या वर्षाचे असले पाहिजे.

मिरची स्वपरागीकरण करते, पण मधमाश्या आणि इतर कीटक बराच संकर घडवतात. म्हणून गच्चीतली_बाग यांनी बी धरण्यासाठी प्रत्येक जातीच्या निरोगी झाडावरची एक फांदी निवडावी, तिच्यावरची उमललेली फुले आणि फळे खुडून टाकावीत आणि फक्त कळ्या ठेवून मलमलची पिशवी बांधावी. पिशवीत फुले उमलली की फांदीला रोज सकाळी हलकी टिचकी द्यावी, म्हणजे पराग खाली पडतात. चार-सहा फळे धरली की पिशवी काढून त्या फळांच्या देठाला रंगीत दोरा बांधावा. फळ झाडावर पूर्ण पिकू द्यावे, बी काढून सावलीत वाळवावे आणि कागदाच्या पाकिटात जातीचे नाव व वर्ष लिहून ठेवावे. बाजारातली संकरित रोपे असतील तर त्यांचे बी धरण्यात अर्थ नाही, पुढच्या पिढीत गुण फुटतात.

पेरताना ज्वाला-ब्याडगीचे बी आठवडा ते पंधरवड्यात उगवते. भूत जोलोकियाला चांगली ऊब मिळाली तरी महिना लागू शकतो, तेव्हा कुंडी रिकामी समजून उकरू नये.

कृष्णाकाठ

मातीमायसाहेब, कुंडीतल्या मिरचीची पाने वळतात, त्यावरही लिहावे. आमच्या भागात सगळे त्याला चुरडा-मुरडाच म्हणतात आणि मिळेल ते औषध मारतात.

मातीमाय

पान कोणत्या बाजूला वळले आहे ते आधी पाहावे. पानाच्या कडा वर वळून ते होडीसारखे झाले असेल तर बहुधा फुलकिडे आहेत. कडा खाली वळून पान लांबट, गडद आणि ठिसूळ झाले असेल तर कोळी ही अतिसूक्ष्म कीड आहे. पाने बारीक, जाडसर, सुरकुतलेली आणि सगळे झाड खुजे झुडपासारखे झाले असेल तर तो विषाणू आहे. तो पांढरी माशी पसरवते आणि त्याला औषध नाही, झाड उपटून दूर नेऊन नष्ट करावे. पहिल्या दोन्हींसाठी घरच्या बागेत पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला फवारावा. फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. फुले झटकून तळहातावर काळसर बारीक किडे पडतात का तेही पाहावे, कारण २०२१ पासून तेलंगण-आंध्रच्या मिरचीत फुलांत राहणारी नवी जात मोठ्या प्रमाणात दिसली आहे.

मे महिन्यात फुले गळतात त्याला रोग समजू नये. पारा ३५ अंशांच्या वर बराच काळ राहिला की फूल टिकत नाही. दुपारची सावली द्यावी, एवढाच उपाय.

ईशान्येकडून

नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे आसाम आणि नागालँडमध्ये काढली, म्हणून भूत जोलोकियाबद्दल लिहितो. २००७ मध्ये गिनीजने तिला जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंदवले, तेव्हा तिचा तिखटपणा १० लाखांहून अधिक स्कोव्हिल (तिखटपणाचे एकक) मोजला गेला होता. नंतर इतर जातींनी तिला मागे टाकले, पण त्या शर्यतीत मला रस नाही. तिकडचे लोक तिला तिच्या वासासाठी वाढवतात. ताजी कापली की संत्र्याच्या सालीसारखा फळांचा सुवास येतो आणि तो आपल्या कोणत्याही मिरचीत मिळत नाही. नागा घरांत ती चुलीवरच्या धुरात सुकवतात आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या चटणीत घालतात. २००८ मध्ये नागालँडमधल्या तिच्याच प्रकाराला, नागा मिरचीला, भौगोलिक मानांकनही मिळाले.

मराठी स्वयंपाकात ती वापरण्याची माझी पद्धत सोपी आहे. तुरीच्या डाळीची आमटी उकळत असताना एक अख्खी मिरची, देठासकट आणि न चिरता, वर तरंगत ठेवायची, पाच-सात मिनिटांनी डावाने उचलून बाजूला काढायची. सुवास आमटीत उतरतो आणि तिखटपणा सोसण्याइतका राहतो. फुटू देऊ नये. तीच मिरची दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येते.

चिरायची असेल तर हातमोजे घालावेत आणि ती कोरडी भाजू नये, कारण तिचा खकाणा घरभर पसरतो आणि लहान मुलांना फार त्रास होतो. हाताला लागलीच तर आधी खाण्याचे तेल चोळावे आणि मग साबणाने धुवावे. साठवायची असेल तर अख्खी फ्रीजरमध्ये ठेवावी. वाळवल्यावर तो फळांचा वास बराच कमी होतो.

उन्हाळी_वाळवण

आमटीची ही रीत फारच आवडली. खर्ड्याचा विषय निघाला नाही तर हा धागा अपुरा राहील, म्हणून लिहिते. खर्ड्याला हिरवी, तिखट, पातळ सालीची मिरचीच हवी. लोखंडी तवा तापवून चमचाभर तेलात देठ काढलेल्या मिरच्या आणि सोललेल्या लसणीच्या पाकळ्या घालाव्यात, मिरचीच्या अंगावर पांढरट-तपकिरी फोड येईपर्यंत परताव्यात. त्यात भाजलेले शेंगदाणे आणि जाड मीठ घालून, तवा उतरवून, तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडावे. जाड मीठच घ्यावे, कारण त्याच्या खड्यांमुळे मिरचीची साल फाटते आणि रस सुटतो. मिक्सरमध्ये केलेला खर्डा गुळगुळीत होतो, त्याला चव येत नाही.

वैनगंगाकाठ

वऱ्हाडात शेंगदाणे न घालता करतात आणि मला तोच जास्त आवडतो. दाण्यांमुळे मिरचीची धार कमी होते.

उन्हाळी_वाळवण

कोल्हापूरकडे दाण्यांशिवाय ताटात येणार नाही. भाकरीचा प्रकारही बघायला हवा; ज्वारीच्या भाकरीबरोबर दाण्यांचा खर्डा बसतो.

गच्चीतली_बाग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढी सविस्तर माहिती मिळेल असे वाटले नव्हते. मी असे ठरवले आहे: ब्याडगी वाळवणार आणि त्यातली थोडी रेशादसाठी ठेवणार, ज्वालाची हिरवी तोड ताकात घालणार आणि जी लाल होईल ती दूरदेशी यांच्या पद्धतीने खारवणार, लवंगी निम्मी लोणच्यात आणि निम्मी वाळवणात, भूत जोलोकिया अख्खी फ्रीजरमध्ये. लसूण-तेलाचा बेत रद्द केला आहे आणि त्या ओळखीच्या घरीही सूक्ष्मदर्शक यांचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे. मलमलच्या पिशव्या आज शिवून झाल्या.

एकच अडचण राहिली. माझी बहीण पुण्यात सदनिकेत राहते. तिच्या बाल्कनीत सकाळी जेमतेम दोन-तीन तास ऊन येते. तिलाही कुंडीतली ब्याडगी वाळवायची आहे. तिने काय करावे?

दूरदेशी

मी ओव्हन वापरतो. सर्वांत कमी तापमानावर, ५५ ते ६० अंशांच्या आसपास, दार बोटभर उघडे ठेवून, मिरच्या जाळीवर एका थरात पसरून सहा ते दहा तास. तापमान त्याहून वाढले की रंग काळपट होतो. मिरच्या मधोमध चिरल्या तर वेळ निम्म्यावर येतो, फक्त बी सांडते.

उन्हाळी_वाळवण

ओव्हन नसेल तर माळ करावी. सुईत जाड सुती दोरा ओवून तो देठातून, मिरचीच्या अंगातून नव्हे, आरपार न्यावा आणि दोन मिरच्यांमध्ये बोटभर अंतर राहील अशी गाठ मारत जावे. ही माळ स्वयंपाकघराच्या वाऱ्याच्या खिडकीत टांगावी, सकाळी ऊन असेल तोवर बाल्कनीत न्यावी. ब्याडगीची साल पातळ असल्यामुळे थंडीच्या कोरड्या हवेत दोन-तीन आठवड्यांत वाळते. मध्येच आभाळ आले तर रात्री पंख्याखाली ठेवावी. शेवटी लोखंडी तवा कोमट करून, गॅस बंद करून, त्यावर मिरच्या पसरून झाकण न ठेवता गार होऊ द्याव्यात, म्हणजे देठाजवळची उरलेली ओलही जाते. बी खुळखुळले की डब्यात.

गच्चीतली_बाग

माळेची कल्पना तिला आत्ताच कळवली. जानेवारीअखेर पहिली ताकातली मिरची तळली की प्रमाण कसे जमले ते इथेच लिहीन.

वैनगंगाकाठ

जरूर लिहा. मेथी किती घातली तेही लिहा.